चुलीचा कोपरा

ये गं मनू, अशी जवळ सरक. तो मोबाईल पालथा ठेव आणि पाय पोटाशी घेऊन नीट बस, म्हणजे मला ओरडायला बरं पडेल. तू तिकडं कल्याणला आणि मी, तुझी आजी, इकडं डोळखांबच्या वरच्या अंगाला, आपल्या पाड्यावर, हे मला कळतं. पण लिहायला बसले की तू ओटीच्या खांबाला टेकून समोर बसलेलीच दिसतेस, त्याला मी काय करू? परवा तुझ्या आईचा फोन आला होता. हसत पण होती आणि चिडलेली पण होती. तुळशीच्या कुंडीतली माती बदलायला घेतली तर आत निळ्या गोळ्या निघाल्या म्हणे, भिजून फुगलेल्या. दर सोमवारी शाळेत मिळणारी रक्तवाढीची गोळी बाईंच्या समोर तोंडात टाकायची, पाठ फिरली की रुमालात काढायची आणि घरी येऊन तुळशीला द्यायची! अगं पोरी, तुळशीला कसलं रक्त वाढवायचंय? आणि लपवायला जागा तरी कुठली शोधलीस, तर तुझी आई रोज पाणी घालते ती!

मळमळतं, हे मला सांगू नकोस. मळमळतं ते मला ठाऊक आहे. त्या गोळीची आणि आपल्या घराची ओळख तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. एका पावसाळ्यात या गोळीपायी आमच्या घरात काय काय झालं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस आणि मला वाटलं, शिकलेल्या पोरींना गोळीचं काय सांगायचं. आता ओरडून झालं. ऐक.

आमचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची, की झाली भिंत. पावसाळ्यात त्या भिंतीला हात लावला की गार आणि जरा मऊ लागायची, गाईच्या नाकासारखी. पुढं ओटी, मागं पडवीत गुरं, आणि मधे चूल. घर जागं व्हायचं ते आवाजानंच. आधी गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा, मग बाचा खोकला, मग आईचं जातं. आणि जातं थांबलं की पातेल्यात पाणी उकळायचा आवाज. तो आवाज ऐकला की आम्ही सगळे गोधडीतून हात बाहेर काढायचो, कारण आता चहा मिळणार.

चहा म्हणजे कोरा बरं का. गूळ, भुकटी आणि परसातली गवती चहाची पात. दुधाचा चहा पाहुण्याला, आणि तोही पाहुणा जावई असला तर. आई जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यातून वाट्यांमध्ये तो काळा, वाफाळता चहा ओतायची आणि आम्ही चुलीभोवती वाटीत तोंड घालून बसायचो. आजच्यासारखा नाश्ता वगैरे काही नव्हता. ऊन चांगलं वर आलं की शेतावर नाचणीची भाकर, वर सुकटीची चटणी नाहीतर कुरडूची भाजी. संध्याकाळी भात. तोवर पोटाला धरून ठेवायचं ते चहानंच. आई म्हणायची, "चहा पोटात गेला म्हणजे पोट भरलं, आता कामाला लागा." आणि खरंच, पोट भरल्यासारखं वाटायचं. गरम गोड पाणी ते, पण अंगात जीव आल्यासारखा व्हायचा. अजून मला पावसात कुणी कोरा चहा दिला की मी आधी वाटीवर दोन्ही हात शेकून घेते.

संध्याकाळी जेवायला आधी बा आणि काका बसायचे, मग आम्ही पोरं, आणि सगळ्यांच्या शेवटी आई आणि हौसा. हौसा माझी थोरली बहीण. ती अजून पोरगीच होती, पण न्हाण आल्यापासून ती बायांच्या पंगतीला गेली. त्या पंगतीला कालवण संपलेलं असायचं. टोपाच्या बुडाशी भाताची खरपुडी राहायची, ती आई आणि हौसा अर्धी अर्धी करायच्या, आणि वर पुन्हा वाटीभर चहा. कुणी कुणावर अन्याय करत नव्हतं, मनू. तसंच असतं असं सगळ्यांना वाटायचं, आईला तर सगळ्यांत जास्त.

हौसा गोरी नव्हती, पण त्या वर्षी ती फिकट दिसायला लागली. सावळ्या माणसाचं फिकटपण वेगळं असतं. राख फासल्यासारखं. हंडा उचलला की भिंतीला हात टेकायची. चढ चढताना "तू हो पुढं, मला काटा लागलाय" म्हणायची आणि बसून राहायची. आणि आमच्या चुलीचा उजवा कोपरा झिजायला लागला. आई पांढऱ्या मातीनं तो लिंपायची, चार दिवसांत तो पुन्हा खाल्लेला. हौसा ती भाजलेली माती खायची. नखानं टोकरायची आणि जिभेवर ठेवायची, डोळे मिटून, जशी तू ते चॉकलेट खातेस. आईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती म्हणायची, "उंदीर लय माजलेत यंदा." आमच्याकडं अशक्त बाया माती खायच्याच. आईनं पण आमच्या वेळेला खाल्ली होती. त्यामुळं उंदरांवर घातलं की विषय मिटला.

मिटला नाही तो भाताच्या आवणीत. रोपं लावताना आम्ही सगळ्या ओळीनं वाकलेल्या, डोक्यावर इरली, गुडघ्यापर्यंत चिखल. हौसा माझ्या शेजारी होती. मूठ लावता लावता ती नुसती पुढं झुकली आणि चिखलात तोंडावर पडली. आवाज पण झाला नाही. तिला उताणी केली तर डोळे फिरलेले. लगेच एकीनं म्हटलं, "लागलंय हिला काहीतरी. वडाखालनं आली असेल." दुसरी म्हणाली, "भगताला दाखवा." आणि काकीनं सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं, "टोकावड्याला कळलं म्हणजे?"

कारण हौसाची सुपारी फुटली होती. मुरबाडच्या अंगाला, टोकावड्याला तिला दिली होती. मुलगा शांत, घरची भातशेती, सासू गंगूबाई मात्र जिभेची तिखट. भात झोडून झालं की लग्न, असं ठरलेलं. आईचा चेहरा तेव्हापासूनच उतरलेला असायचा. का, ते मला नंतर समजलं. आईची धाकटी बहीण अशीच फिकट होती, अशीच लग्न होऊन गेली आणि पहिल्याच बाळंतपणात गेली. आमच्या घरात तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. पण हौसा भिंतीला हात टेकायची, तेव्हा आई तिच्याकडं बघायची नाही. दुसरीकडं बघायची.

त्या वर्षी आमच्याकडं नवीन नर्सबाई आल्या होत्या. शालिनीबाई. घाटावरच्या होत्या एवढंच माहीत. पांढरं पातळ, हातात काळी छत्री. छत्री पावसाला कमी आणि पाड्यावरच्या कुत्र्यांना जास्त. वयात येणाऱ्या मुलींसाठी सरकारनं काहीतरी नवीन काढलं होतं, म्हणून दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आम्हाला शाळेच्या पडवीत जमवायच्या. नखं बघायच्या, वजन करायच्या, आणि ज्या गोष्टी आमच्या आयांनी कधी तोंडातून काढल्या नाहीत त्या मोठ्यानं बोलायच्या. पहिल्या दिवशी आम्ही पदर तोंडात कोंबून हसत होतो. पाळीची फडकी कोपऱ्यात अंधारात वाळवू नका, उन्हात घाला, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा आमच्यातली तोंडाळ ठकी म्हणाली, "अन् बानं इचारलं, ही कसली पताका लावलीय दारात, तर काय सांगू?"

"सांग, सरकारी पताका आहे," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून आम्हाला त्या आवडायला लागल्या.

हौसा पडली त्याच आठवड्यात बाईंनी सगळ्यांचं रक्त तपासलं. तेव्हा काही मशीन नव्हतं. बोटाला सुई टोचायची, एक थेंब जाडसर पांढऱ्या कागदावर टिपायचा आणि तो छापील तांबड्या पट्ट्यांशी लावून बघायचा. गडद तांबडा, तांबडा, फिका, असं उतरत जायचं. ठकीचा थेंब चांगला जास्वंदीसारखा उमटला. माझा मधला. हौसाचा उमटला, तर कागदावर कुंकू पुसल्यावर डाग राहतो ना, तसा. बाईंनी दुसरं बोट टोचलं. तसाच. त्यांनी छत्री उचलली आणि आमच्याबरोबर सरळ घरी आल्या.

बा ओटीवर दावं वळत बसला होता. बाई म्हणाल्या, "दादा, पोरीला एक वर्ष द्या. अंगात रक्त नाही तिच्या. लग्न झालं की लगेच पोटुशी राहील, आणि ते तिला झेपायचं नाही."

"सुपारी फुटलीय बाई," बा म्हणाला. "माझी जीभ मी टोकावड्यात ठेवून आलोय. त्यांना काय सांगू, पोरगी पांढरी निघाली, थांबा?"

"मग आधी तिला लाल करू."

"कशानं?"

बाईंनी पिशवीतून गोळ्यांची पुडी काढली. बानं एक गोळी तळहातावर घेतली, उजेडात फिरवून बघितली. "एवढीशी? चिमणीच्या पोटाला पण लागायची नाय ही." दाराआड आई उभी होती. ती कधी पुरुषांच्या बोलण्यात बोलायची नाही. पण त्या दिवशी आतून बोलली, "बघा की देऊन. भगत काय पळून नाय जात."

बानं दावं खाली ठेवलं. म्हणाला, "गौरी येईस्तोवर थांबतो. तुमच्या त्या कागदावर पोरीचं रक्त चढलेलं मला दाखवा. चढलं तर मी स्वतः टोकावड्याला जाऊन वर्ष मागीन. नाय चढलं, तर भगताला दाखवीन आणि ठरल्या वेळी लगीन लावीन. मग मला थांबवायला येऊ नका."

बाईंनी मान हलवली. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "काशी, तू राखण करायची. रोज एक. समोर उभं राहून गिळायला लावायची. आणि हे बघ, रिकाम्या पोटी द्यायची नाही, उलटी होईल." हौसाचं सगळं माझ्या हातात दिल्यासारखी मी पुडी धरली.

आणि राखण केली गं मी. रोज सकाळी चूल पेटली की पुडी घेऊन हौसाच्या समोर उभी. "आ कर. गीळ. जीभ दाखव." ती चिडायची, "काशे, तू काय पोलीस हाय का?" तिसऱ्या दिवशी ती परसाकडं जाऊन पळत आली, चेहरा रडवेला. सगळं काळं झालं होतं. काकी म्हणाली, आतडी जळली पोरीची. आईनं पुडी घेतली आणि चुलीत टाकायला निघाली. मी तिच्या हाताला लोंबकळले. शेवटी मला डोळखांबला पळवलं बाईंना विचारायला. बाई म्हणाल्या, या गोळीनं तसं होतंच, घाबरू नका. मी तो निरोप घेऊन पळत परत आले आणि दारातूनच ओरडले, "काळं होतंच!" सगळ्या पाड्याला ऐकू गेलं. ठकी मला पुढं कितीतरी दिवस त्याच नावानं हाक मारायची.

गौरी आल्या. तेरड्याची पावलं, तांदळाच्या भाकऱ्या, अळूचं कालवण, आणि पडवीत ढोलकीवर बायांचा नाच. हौसा नाचायला उठली आणि अर्ध्यातच बसली. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, सुई टोचली, कागद टिपला. बा समोर बसलेला. कागदावर तोच पुसल्या कुंकवाचा डाग. बाईंनी तो उजेडाकडं नेला, पुन्हा आणला. मग माझ्याकडं वळल्या. "काशी, खरं सांग. रोज गिळत होती?"

"रोज," मी म्हणाले.

"मग असं कसं होईल? कुठं तरी थुंकत असेल. तुझं लक्ष नव्हतं." त्या चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. पण मला ते झोंबलं. मी गोठ्यात जाऊन गाईच्या मानेत तोंड खुपसून रडले. बा एवढंच म्हणाला, "बाई, तुमची चूक नाय. गोळीचा गुण नाय. आता मला माझं करू द्या." हौसा खाली मान घालून बोटाला लागलेलं रक्त पदराला पुसत होती.

बाई ऐकणाऱ्या नव्हत्या. चार दिवसांनी पुन्हा आल्या, बाला समजवायला. बोलता बोलता पाऊस असा धरला की खालचा ओहळ भरून वाहायला लागला. परत जायची सोय राहिली नाही. आईनं त्यांना माझ्या आणि हौसाच्या मधे गोधडी घातली. आजवर बाई आल्या त्या दुपारीच आल्या होत्या. आमच्या घराची सकाळ त्यांनी कधी बघितली नव्हती.

सकाळी आईनं त्यांच्या मानाचा दुधाचा चहा करायला घेतला. बाई म्हणाल्या, "तुमचाच द्या, पातीचा." सगळे चुलीभोवती बसलो. वाट्या भरल्या. पुडीत थोड्या गोळ्या उरल्या होत्या. बाईंच्या समोर तरी आपली राखण दिसू दे, म्हणून मी मुद्दाम छाती काढून उभी राहिले. "आ कर." हौसानं तोंड उघडलं, मी गोळी ठेवली, आणि तिनं वाटी उचलून वर घटाघट चहा प्यायला. "जीभ दाखव." तिनं दाखवली. जीभ साफ.

बाईंची वाटी तोंडाशी नेता नेता थांबली.

"रोज अशीच घेते?"

"रोज," मी म्हणाले. "रिकाम्या पोटी नाय द्यायची म्हणालात ना? म्हणून वर वाटीभर चहा. बघितलंत ना आता?"

"भाकरी?"

"भाकर शेतावर. ऊन आल्यावर," आई म्हणाली. "सकाळी पोटाला चहाच असतो बाय आमच्यात."

बाईंनी वाटी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं, हिला पण लागलं काहीतरी. मग त्या म्हणाल्या, "अहो, चहा त्या गोळीचा गुण अंगाला लागूच देत नाही. गोळीतलं लोखंड चहाच धरून ठेवतो आणि तसंच बाहेर काढतो. पोरीनं इमानानं खाल्ली आणि चहानं धुऊन काढली." मग त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "काशी, तुला उगाच बोलले गं मी. तू राखण चोख केलीस. मीच सांगितलं नाही. कशाबरोबर घ्यायची नाही, हे माझ्या तोंडून निघालंच नाही. मला वाटलं, पोटात जाते म्हणजे अन्नाबरोबरच जाते." एवढी मोठी बाई, सगळ्या घरासमोर, माझी माफी मागत होती. मी त्यांना म्हटलं, "चहा गार होतोय तुमचा."

बा म्हणाला, "म्हंजे आता चहा तोडायचा? बाई, पावसाळ्यात चहा तोडा म्हणजे माणूसच तोडा की."

"चहा नका तोडू दादा. गोळी आणि चहा यांना एकमेकींचं तोंड दाखवू नका. सवती आहेत त्या. गोळी संध्याकाळच्या भाताबरोबर, वर लिंबू पिळून. चहा सकाळी, लांब. आणि," बाई आईकडं वळल्या, "भात म्हणजे भात. बुडाची खरपुडी नाही. पोरगी टोपात शेवटी उरलेलं खाते आणि मग तिला माती गोड लागते." रात्रीची पंगत आणि चुलीचा झिजलेला कोपरा, दोन्ही त्यांनी बघितलं होतं. आईनं उंदरांचं नाव पण काढलं नाही.

"दिवाळीपर्यंत थांबता का, दादा?" बाईंनी विचारलं.

बानं वाटीतला शेवटचा घोट प्यायला. "थांबतो," म्हणाला. "गोळी खोटी नव्हती ना? मग थांबायला पाहिजे."

त्या संध्याकाळची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आठवते, मनू, आणि ती सांगायला गेलं तर काहीच नाही. बा आणि काका जेवायला बसले. आईनं तिसरं ताट मांडलं. "हौशे, इथं बस. बाच्या शेजारी." हौसा दारातच उभी. न्हाण आलेली पोरगी पुरुषांच्या पंगतीला, आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं. काकी पदर तोंडाला लावून बघत राहिली. आई पुन्हा म्हणाली, "बस म्हणते ना." आवाज मोठा नव्हता, पण जात्यासारखा जड होता. हौसा बसली. बा जरा सरकला आणि म्हणाला, "नीट बस, ढोपर लागतंय." एवढंच बोलला. आईनं तिच्या भातावर कालवण घातलं, वर सुकट घातली, लिंबू पिळलं, आणि मी गोळी दिली.

मग आईनं चुलीचा कोपरा पुन्हा लिंपला. या वेळी हात फिरवून फिरवून गुळगुळीत केला आणि सोडून दिला. आठवडा गेला, कोपरा तसाच. भाताला दाणा भरला, कोपरा तसाच. आम्ही कुणीच त्यावर बोलत नव्हतो, पण घरातून जाताना येताना सगळे तिकडं बघायचो. कापणीला हौसा विळा घेऊन माझ्या पुढं गेली, आणि चढावर मला म्हणाली, "चल की गो काशे, काटा लागला का तुला?" त्या संध्याकाळी आई बाला म्हणाली, "उंदीर गेले वाटतं."

"कुठले उंदीर?"

"चुलीतले."

बा उठला. चुलीजवळ जाऊन वाकला आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. दिवाळीआधी बाई कागद घेऊन आल्या आणि रक्त टिपलं. थेंब चढला होता, ठकीच्या जास्वंदीइतका नाही, पण डाग म्हणून कुणी म्हणालं नसतं. त्या तो बाला दाखवायला लागल्या, तर बा म्हणाला, "ठेवा बाई कागद. मी चूल बघितली."

दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून तो टोकावड्याला निघाला. नव्या तांदळाचं गाठोडं धरायला मला घेतलं. गंगूबाईनं ओटीवर घोंगडी टाकली आणि ऐकून घेतल्यावर तिची जीभ सुटली. "वर्षभर? आमी काय दुकान हाय का, आज उघडं नि उद्या बंद? पोरगी आजारी हाय का? खरं सांगा."

"नाय," बा म्हणाला. "आजारी असती तर ठरल्या वेळी लगीन लावून मोकळा झालो असतो. बरी होतेय, म्हणून वर्ष मागतोय. अर्धी भरलेली घागर कुणाच्या दारात ठेवू? भरू द्या."

माझा बा असं काही बोलेल, असं मला स्वप्नात पण वाटलं नव्हतं. गंगूबाईनं मागं बघितलं. दारात तिची धाकटी लेक उभी होती, माझ्याएवढी, चौकटीला हात टेकून. मला तो हात ओळखीचा वाटला. गंगूबाई त्या हाताकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "काय देता पोरीला?" बानं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "बरं. वर्ष थांबतो. पन ती गोळी आमच्या पोरीला पन पाहिजे. तुमच्या बाईला सांगा." आणि चहा आणायला उठली.

"चहाबरोबर नाय द्यायची हां!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला. बा हसला. गंगूबाई पण हसली. म्हणाली, "ही धाकटी तर डाक्टरीणच निघाली."

पुढच्या वर्षी भात झोडून झाल्यावर हौसाचं लग्न झालं. पहिलं बाळंतपण सुखरूप झालं, दुसरं पण. टोकावड्याची हौसाआजी म्हणजे हीच, जिनं मागच्या जत्रेत तुला खांद्याला धरून गरागरा फिरवलं आणि तू म्हणालीस, आजी, सोड, चक्कर येते. तिच्या हातात अजून तेवढा जोर आहे. तिच्या घरी आता गॅस आहे. पण मागच्या पडवीत एक मातीची चूल तिनं ठेवलीय आणि दर सणाला तिचा कोपरा स्वतः लिंपते. सुनांना हात लावू देत नाही. मी गेले की आम्ही दोघी त्या चुलीपाशी बसून कोरा चहा पितो. ती म्हणते, "काशे, जीभ दाखवू का?" आणि आम्ही म्हाताऱ्या खिदळतो.

आता तुझं ऐक. शनिवारी कल्याणहून मुरबाडची एसटी धर, तिथून माळशेजच्या गाडीनं टोकावडं. मी आदल्या दिवशीच येऊन बसते. शनिवार, रविवार हुंदडा काय हुंदडायचं ते, पण सोमवार करून जा. शाळेत एक दिवस नाही गेलीस तर काही आभाळ कोसळत नाही, तुझ्या आईला मी सांगते. येताना कुंडीत न पुरलेली एक निळी गोळी घेऊन ये. हौसा भात वाढेल, मी लिंबू पिळीन, मळमळलं तर पाठीवरून हात फिरवायला दोघी आहोत. आणि ताट तुझं पहिल्या पंगतीला, आमच्या दोघींच्या मधे. चहा मग, उशिरानं. ये गं लवकर, हौसा विचारत होती.